इवार इवास्क : वडिलांची भाषा निवडणारा कवी, जगाची पुस्तकं वाचणारा संपादक



"सर, मुलाला घरी कुठल्या भाषेत बोलू?" हा प्रश्न तुम्हालाही पालकसभेत कुणीतरी विचारला असेल. आई एका भाषेची, बाबा दुसऱ्या भाषेचे, शाळा तिसऱ्या भाषेची आणि मोबाईलवर चौथीच भाषा. अशा घरात मूल कुठल्या भाषेचं होतं? आज ज्या माणसाची ओळख करून द्यायची आहे, त्याच्या आयुष्यात हा प्रश्न लहानपणापासून होता. त्याचं त्याने दिलेलं उत्तर जरा अनपेक्षित आहे. त्याचं नाव इवार इवास्क. एस्टोनियन भाषेतला कवी, आणि अमेरिकेतल्या एका मोठ्या साहित्यविषयक नियतकालिकाचा चोवीस वर्षं संपादक.

आधी नकाशा काढा. युरोपच्या उत्तरेला बाल्टिक समुद्र आहे. त्याच्या पूर्वेच्या काठावर तीन लहान देश एकाखाली एक आहेत : वर एस्टोनिया, मध्ये लाटविया, खाली लिथुआनिया. मुलं हे तीन देश नेहमी एकमेकांत गुंतवतात, मोठी माणसंही. एस्टोनियाची लोकसंख्या आज साधारण तेरा लाख. आपल्याकडच्या बहुतेक जिल्ह्यांत याहून जास्त माणसं राहतात. तरी त्या भाषेत विद्यापीठ चालतं, कायदे होतात, कादंबऱ्या निघतात.

इवास्क यांचा जन्म १७ डिसेंबर १९२७ चा, आणि तो एस्टोनियात नाही, शेजारच्या लाटवियाची राजधानी रीगा इथे झाला. वडील एस्टोनियन, आई लाटवियन. घरात एकमेकांशी बोलायची भाषा मात्र जर्मन! तिकडे त्या काळी हे फारसं नवलाचं नव्हतं. बाल्टिक प्रदेशात शतकानुशतकं जर्मन जमीनदार आणि व्यापारी वरच्या थरात होते, त्यामुळे शिकलेल्या शहरी माणसांची जर्मन ही सोयीची भाषा होती. म्हणजे मुलाच्या कानावर रस्त्यावर लाटवियन, घरात जर्मन. आणि एस्टोनियन? ती मुख्यतः सुट्टीतली भाषा. दक्षिण एस्टोनियात राँगू या भागात वडिलांकडच्या मंडळींचं शेतावरचं घर होतं, तिथल्या उन्हाळ्यांची.

आपल्या वर्गातल्या मुलांना हे लगेच कळतं, कारण सुट्टीत आजीकडे गेल्यावरच जी बोली कानावर पडते ती त्यांच्याही ओळखीची असते.

इथे वर्गात करण्यासारखी एक गोष्ट सांगतो, कारण आई आणि वडिलांच्या या दोन भाषा किती वेगळ्या आहेत ते ऐकल्याशिवाय समजत नाही. फळ्यावर दोन रकाने करा. एकात लाटवियन आकडे लिहा : दिवी, त्रीस, चेत्री, पियेत्सी. पुढे सेप्तिन्यी, आस्तोन्यी, देविन्यी, देस्मित. मुलं स्वतःच ओरडतील की हे तर दोन, तीन, चार, पाच, सात, आठ, नऊ, दहा! संस्कृत शिकलेली मुलं तर द्वि, त्रि, सप्त, अष्ट, दश असं जुळवून दाखवतील. लाटवियन भाषेत देवाला 'दिएव्स' म्हणतात, अग्नीला 'उगुन्स' आणि अश्रूला 'आसारा'. कारण लाटवियन ही आपल्या मराठीसारखीच इंडो-युरोपियन कुळातली भाषा आहे, लांबची चुलत बहीण म्हणा.

आता दुसऱ्या रकान्यात एस्टोनियन आकडे लिहा : यूक्स, काक्स, कोल्म, नेली, वीस. आता जुळवाजुळव थांबते. गंमत म्हणजे एस्टोनियन 'वीस' म्हणजे पाच! एस्टोनियन ही फिन्नो-उग्रिक कुळातली, फिनलंडच्या फिनिश भाषेची सख्खी बहीण. तिच्यात चौदा विभक्ती मानतात. लिंगभेद मात्र अजिबात नाही. 'तो' आणि 'ती' दोघांनाही एकच सर्वनाम, 'तेमा'. तो डोंगर, ती नदी, ते झाड असं पाठ करून दमलेल्या मुलांना ही भाषा स्वर्ग वाटते. मग विभक्ती मोजून दाखवायच्या, म्हणजे पुन्हा जमिनीवर येतात.

तर मुद्दा असा, की दोन शेजारच्या देशांच्या या भाषा एकमेकींच्या कुणीच लागत नाहीत. आईच्या भाषेतून वडिलांच्या भाषेत आपोआप जाता येत नाही. तिथे मुद्दाम, कष्ट करून जावं लागतं.

आता इतिहास, थोडक्यात. पहिल्या महायुद्धानंतर तिन्ही बाल्टिक देश स्वतंत्र झाले होते. ते स्वातंत्र्य जेमतेम वीस-बावीस वर्षं टिकलं. जून १९४० मध्ये सोव्हिएत फौजा आल्या. १४ जून १९४१ च्या रात्रीपासून हजारो कुटुंबं घरातून उचलून मालगाड्यांत घातली आणि सायबेरियाकडे पाठवली. त्यात लहान मुलं होती, म्हातारी माणसं होती. त्याच महिन्यात जर्मनीने सोव्हिएत युनियनवर हल्ला केला आणि तीन वर्षं जर्मनांचा ताबा आला. त्यांनी केलेल्या कत्तली वेगळ्या, त्यात तिथले ज्यू जवळजवळ संपले. १९४४ मध्ये सोव्हिएत सैन्य परत येऊ लागलं तेव्हा १९४१ ची आठवण ताजी होती. लोक होड्यांतून स्वीडनकडे, जहाजांतून जर्मनीकडे पळाले. एकट्या एस्टोनियातून सत्तर-ऐंशी हजार माणसं गेली. सगळ्यांना वाटत होतं की दोन-चार वर्षांत परतू. पण घरी जाण्याजोगं राज्य यायला सत्तेचाळीस वर्षं लागली.

इवास्क त्या लाटेत १९४४ साली जर्मनीत पोचले. वय सोळा. आपल्या अकरावीतल्या मुलाएवढं.

युद्ध संपल्यावर त्यांनी मारबुर्ग विद्यापीठात साहित्य आणि कलेचा अभ्यास केला. तिथेच त्यांना भेटली रीगाचीच एक मुलगी, आस्त्रिद हार्टमाने. तिचे वडील मार्टिन्श हार्टमानिस लाटवियन सैन्यात जनरल होते. सोव्हिएत सत्तेने त्यांना पकडून नेलं आणि १९४१ मध्ये गोळ्या घातल्या. दोघांचं लग्न १९४९ मध्ये झालं आणि त्याच वर्षी दोघं अमेरिकेला गेले. पुढे मिनेसोटा विद्यापीठातून पीएच.डी. (१९५३), मग नॉर्थफील्ड गावातल्या सेंट ओलाफ कॉलेजात जर्मनचे प्राध्यापक. हा भाग चारचौघांसारखा आहे, त्यात फार रेंगाळायला नको.

रेंगाळायचं ते इथे. हा माणूस आता पंचविशीत आहे. जर्मन उत्तम येते, ती तर घरचीच. इंग्रजी ही पोटापाण्याची भाषा झाली आहे. लाटवियन आईची आणि बायकोची. फ्रेंच, स्पॅनिश आणि आणखी काही भाषा त्याने वाचण्यासाठी शिकून घेतल्या आहेत. कविता लिहायची तर जर्मनला करोडो वाचक, इंग्रजीला त्याहून जास्त. आणि त्याने आपली मुख्य कविता लिहिली ती एस्टोनियनमध्ये, वडिलांच्या भाषेत, उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या भाषेत. जो देश नकाशावरून पुसला गेला होता त्याच्या भाषेत. देशातल्या वाचकापर्यंत हे पुस्तक उघडपणे पोचणार नाही, सीमेवरच अडवलं जाईल, हे माहीत असताना.

मग वाचणार कोण? जगभर विखुरलेले ते निर्वासितच. स्वीडनमध्ये, कॅनडात, अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात. स्वीडनमधल्या लुंद गावी या निर्वासित लेखकांनी चक्क एक सहकारी संस्था काढली होती, एस्टोनियन लेखकांची सहकारी प्रकाशन संस्था. कारखान्यात किंवा शाळेत दिवसभर राबून आलेली माणसं पदरचे पैसे घालून आपल्या भाषेतलं पुस्तक टपालाने मागवत. सहकार या शब्दाने आपल्या डोळ्यांपुढे साखर आणि दूध येतं, तिथे त्यांनी कविता आणल्या! मला स्वतःला या एका गोष्टीचं फार अप्रूप वाटतं.

इवास्क यांचा पहिला एस्टोनियन संग्रह १९६४ मध्ये आला. त्याचं नाव 'तॅहतेदे तॅहेन्दुस'. या नावाचं भाषांतर करायला घेतलं की पंचाईत होते. एस्टोनियनमध्ये 'तॅहत' म्हणजे तारा, आणि 'तॅहत' म्हणजे अक्षरसुद्धा. म्हणून नावाचा अर्थ 'ताऱ्यांचा अर्थ' असाही होतो आणि 'अक्षरांचा अर्थ' असाही. घर सुटलेल्या माणसाला दोनच गोष्टी सोबत नेता येतात, डोक्यावरचे तारे आणि ओठांवरची अक्षरं, असा माझा आपला अर्थ. कवीने तसं कुठे म्हटलं आहे असं मी सांगत नाही. पण नववी-दहावीच्या मुलांना श्लेष शिकवताना हे उदाहरण जरूर द्या. आणि 'अक्षर' म्हणजे जे क्षर होत नाही, झिजत नाही, हेही त्याच तासाला सांगून टाका.

१९६६ मधल्या दुसऱ्या संग्रहाचं नाव, 'दिवस कोंबड्याच्या पावलाने चालतो'. उत्तरेकडच्या त्या देशात डिसेंबरचा दिवस जेमतेम सहा तासांचा. नाताळनंतर दिवस हळूहळू मोठा होऊ लागतो तेव्हा तिकडची माणसं म्हणतात, दिवस कोंबड्याच्या पावलाएवढा वाढला. आणि आपण काय म्हणतो? संक्रांतीनंतर दिवस तिळातिळाने वाढतो! दोन भाषांचं कूळ वेगळं, हवामान वेगळं, पण सूर्याकडे बघून मोजायची सवय सारखी. मुलांना विचारा, तुमच्या आजीकडे अशी आणखी कुठली मापं आहेत? पसाभर, मूठभर, चिमूटभर, हाकेच्या अंतरावर, कासराभर दिवस वर आला. एक तास सहज जातो आणि घरी जाऊन आजीला विचारायचं काम आपोआप होतं.

पुढे १९७० मध्ये 'इतिहासाच्या बागा', १९७३ मध्ये 'ऑक्टोबर ओक्लाहोमात'. हे शेवटचं नाव मला मजेशीर वाटतं. ओक्लाहोमा म्हणजे अमेरिकेच्या मध्यावरचं लालसर मातीचं, वाऱ्या-वादळांचं सपाट राज्य. समुद्र शेकडो मैल लांब. तिथे बसून एक माणूस बाल्टिक किनाऱ्याच्या भाषेत ऑक्टोबर लिहितो आहे. बरं, त्याच घरात त्याची बायको लाटवियनमध्ये कविता लिहिते आहे. आस्त्रिद इवास्क यांची लाटवियन साहित्यात स्वतंत्र, मानाची जागा आहे. नवरा कवी, बायको कवयित्री, दोघं एका छपराखाली दोन वेगळ्या कुळांच्या भाषांत लिहितायत, आणि बाहेर अंगणात तिसरीच भाषा बोलली जाते.

हे वाचून कुणी पालक म्हणतील की भाषा टिकवायची तर घरात दुसरी येऊच देऊ नये. इवास्क यांचं उदाहरण याच्या उलट आहे. त्यांनी जर्मनमध्येही कवितासंग्रह काढला, आणि उतारवयात इंग्रजीत 'बाल्टिक एलिजीज' ही विलापिका लिहिली. आपल्या तीन देशांची व्यथा त्यांच्या कुणाच्याही भाषेत न लिहिता सगळ्यांना कळेल अशा भाषेत लिहिली. एक भाषा घट्ट धरली म्हणून बाकीच्यांशी भांडण घेतलं नाही. मला तर वाटतं, बाकीच्या भाषा इतक्या चांगल्या येत होत्या म्हणूनच त्यांना एस्टोनियन निवडता आली. जिला पर्याय नाही ती निवड कसली?

आता संपादक इवास्क. १९६७ मध्ये त्यांना ओक्लाहोमा विद्यापीठाने बोलावलं, नॉर्मन या गावी. तिथून 'बुक्स अब्रॉड' नावाचं एक त्रैमासिक निघत असे. रॉय टेम्पल हाउस नावाच्या प्राध्यापकांनी ते १९२७ मध्ये सुरू केलं होतं. योगायोग बघा, इवास्क यांच्या जन्माचं तेच साल! काम काय, तर जगभरच्या भाषांत निघणाऱ्या पुस्तकांची परीक्षणं छापायची, म्हणजे अमेरिकन वाचकाला आपल्या कुंपणापलीकडे काय लिहिलं जातंय ते कळावं. संपादकाच्या टेबलावर कुठकुठल्या लिपींतली पुस्तकं येऊन पडत असतील, कल्पना करा. अशा खुर्चीवर जो माणूस बसला तो स्वतः एका लहान भाषेचा कवी होता. मोठ्या भाषेच्या संपादकाला लहान भाषेचं पुस्तक म्हणजे एक कुतूहल असतं. याला त्यामागची किंमत माहीत होती.

१९७३ मध्ये त्यांनी एक पूर्ण अंक बाल्टिक देशांच्या साहित्याला दिला. त्या वेळी राजकीय नकाशावर हे देश नव्हते, पण ग्रंथालयाच्या कपाटात त्या अंकामुळे ते होते. बोर्हेस, ऑक्टाव्हिओ पाझ, कोर्तासार अशा स्पॅनिश भाषेतल्या लेखकांवर विद्यापीठात परिषदा भरत आणि त्यावर विशेषांक निघत. १९७७ मध्ये त्यांनी नियतकालिकाचं नाव बदललं : 'वर्ल्ड लिटरेचर टुडे'. जुन्या नावात 'परदेशातली पुस्तकं' होती, म्हणजे 'आपण' मध्यभागी आणि बाकी जग 'बाहेर'. नव्या नावात कुणी बाहेर नाही. आजही ते त्याच नावाने निघतं.

पण त्यांचं सर्वात मोठं काम म्हणजे एक पुरस्कार. १९६९ मध्ये त्यांनी नियतकालिकाच्या नावाने आंतरराष्ट्रीय साहित्य पुरस्कार सुरू केला. पुढे नॉयश्टाट कुटुंबाने कायमचा निधी दिला म्हणून तो नॉयश्टाट पुरस्कार म्हणून ओळखला जाऊ लागला. दर दोन वर्षांनी मिळतो. सोबत चांदीचं गरुडाचं पीस. त्याचे नियम मुलांना सांगण्यासारखे आहेत. परीक्षक सगळे लेखक, वेगवेगळ्या देशांतले, आणि दर वेळी नवे. प्रत्येक परीक्षकाने एकच नाव सुचवायचं. प्रकाशकाने, सरकारने किंवा स्वतः लेखकाने अर्ज करायचा नाही. मग सगळ्यांनी एकत्र बसून वाद घालायचे आणि मतदानाच्या फेऱ्यांतून एक नाव उरवायचं. कवी, कादंबरीकार, नाटककार सगळे एकाच रांगेत. देश कुठला, भाषा कुठली, याला महत्त्व नाही.

पहिला पुरस्कार १९७० मध्ये इटालियन कवी ज्युसेप्पे उंगारेत्ती यांना मिळाला. वय ब्याऐंशी. त्या वयात ते विमानाने ओक्लाहोमाला आले, आणि त्याच वर्षी जूनमध्ये वारले. १९७२ मध्ये गाब्रिएल गार्सिया मार्केस. त्यांना नोबेल मिळालं १९८२ मध्ये, म्हणजे दहा वर्षांनी. १९७८ मध्ये चेस्वाव मिवोश. ते लिथुआनियात जन्मलेले, पोलिशमध्ये लिहिणारे, देश सोडावा लागलेले कवी. त्यांना नोबेल १९८० मध्ये. १९८२ मध्ये पाझ, त्यांना नोबेल १९९० मध्ये. १९९० मध्ये स्वीडनचे कवी ट्रान्स्ट्रोमर, त्यांना नोबेल २०११ मध्ये. या कारणाने काही लोक याला 'अमेरिकेचं नोबेल' म्हणतात. मला ते नाव आवडत नाही. नोबेलच्या आधी माणूस ओळखणं हे नोबेलची नक्कल करण्यापेक्षा अवघड काम आहे.

आणि १९८८! त्या वर्षी हा पुरस्कार राजा राव यांना मिळाला. आपल्या शेजारच्या कर्नाटकातले, हासनचे. घरची भाषा कन्नड, लेखन इंग्रजीत. 'कांतापुरा' ही त्यांची कादंबरी १९३८ ची, एका खेड्यात गांधीजींची चळवळ कशी पोचली ते एका म्हाताऱ्या बाईच्या तोंडून सांगणारी. तिच्या प्रस्तावनेत त्यांनी हाच प्रश्न घेतला आहे : परक्या भाषेत आपल्या मनाची लय कशी आणायची? तेव्हा नॉर्मनमधल्या त्या समारंभात काय जुळून आलं होतं बघा. एका बाजूला परकी इंग्रजी वाकवून तिच्यात कन्नड खेड्यातला सूर भरणारा लेखक, आणि दुसऱ्या बाजूला सगळ्या मोठ्या भाषा हाताशी असून वडिलांच्या लहान भाषेत कविता करणारा संपादक. दोघांचे रस्ते उलट. दोघांपैकी बरोबर कोण? वर्गात हा वाद जरूर घाला, आणि कृपा करून शेवटी आपण निकाल देऊ नका. अकरावी-बारावीची मुलं यावर फार छान बोलतात, विशेषतः ज्यांची शाळा इंग्रजी आणि घर मराठी किंवा कन्नड किंवा मारवाडी असतं ती.

पालकांसाठी एक जोडतो. इवास्क यांच्या बालपणात एस्टोनियन ही रोजची भाषा नव्हती, तरी ती टिकली. कारण ती भाषा त्यांच्यासाठी एका जागेला बांधलेली होती, शेताला, उन्हाळ्याला, घराच्या व्हरांड्याला. त्यांच्या एका पुस्तकाचं नावच 'व्हरांड्याचं पुस्तक' आहे. तुमच्या घरातली जी भाषा मागे पडतेय तिच्यासाठी रोज एक तास शिकवणी लावण्यापेक्षा मे महिन्यातले पंधरा दिवस त्या भाषेच्या गावी, त्या भाषेच्या माणसांत घालवले, तर बहुधा जास्त उपयोग होईल. हे माझं मत, संशोधन नाही.

ऑगस्ट १९९१ मध्ये मॉस्कोतलं बंड फसलं. २० ऑगस्टला एस्टोनियाने आणि २१ ऑगस्टला लाटवियाने पुन्हा स्वातंत्र्य जाहीर केलं. इवास्क त्याच वर्षी संपादकपदावरून निवृत्त झाले. नवरा-बायको अमेरिका सोडून समुद्रकाठी राहायला गेले, पण बाल्टिकच्या नाही. आयर्लंडमध्ये कॉर्क परगण्यात फाउंटन्सटाउन नावाचं लहानसं किनाऱ्यावरचं गाव आहे, तिथे. जेमतेम वर्षभरात, २३ सप्टेंबर १९९२ रोजी, तिथेच इवार इवास्क यांचं निधन झालं. वय चौसष्ट. आस्त्रिद पुढे बरीच वर्षं आयर्लंडमध्ये राहिल्या. २००१ मध्ये त्या रीगाला परतल्या, सत्तावन्न वर्षांपूर्वी सोडलेल्या शहरात. २०१५ मध्ये तिथेच, आपल्या भाषेच्या माणसांत, त्या वारल्या.